पावणेचार मिलिमीटरची मोकळीक

नऊ मार्चला सकाळी सव्वाअकरा वाजता धाकट्याने चार चाकांचे सोळा हजार आठशे रोख मोजून दिले, चारही चाके आपल्या मालवाहू व्हॅनमध्ये जुन्या चादरीवर आडवी ठेवली, आणि परत येताना रस्ताभर तो शीळ वाजवत होता.

धाकटा म्हणजे वयाने सेहेचाळीस, कानांवरचे केस पांढरे झालेले. पण थोरली बहीण काच कापण्याचा कारखाना चालवत होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत आणि ती याला धाकटा म्हणे, म्हणून काच कापणाऱ्यांपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांचा तो धाकटाच. सतराव्या वर्षी तो ताईच्या हाताखाली कापायच्या टेबलापाशी उभा राहिला. बारा वर्षे त्याने काच कापली. मग स्वतःची व्हॅन घेतली आणि कारखान्यातली काच गिऱ्हाइकाच्या खिडकीपर्यंत पोचवायचे काम अंगावर घेतले. काच ताईची, गाडी त्याची. घर त्या गाडीवर चालत होते.

गाडीची जुनी लोखंडी चाके गंजून गेली होती. त्यांतल्या एका चाकाला बोल्टच्या भोकापासून नखाएवढा तडा गेलेला टायरवाल्याने बोट लावून दाखवला. त्याच आठवड्यात ओळखीतून चार चाके चालून आली. एका कुटुंबाच्या मोठ्या मोटारीची, चकचकीत, हलकी, जवळजवळ नवी. आकार सोळा इंची, भोके पाच. टायर जुनेच चढवायचे होते.

धाकटा डोळे मिटून वस्तू घेणारा नव्हता. वेड्यावाकड्या काचेसाठी कारखान्यात पुठ्ठ्याचा साचा कापतात, तसा त्याने जुन्या चाकाचा साचा कापून नेला. नव्या चाकावर तो ठेवला, तर पाचही भोके अशी जुळली की पलीकडून उजेड आला. मधले मोठे भोक मात्र थोडे जास्त होते. गाडीच्या ज्या लोखंडी गोल उंचवट्यावर चाक बसते, ज्याला सगळे हब म्हणतात, तो पासष्ट मिलिमीटरचा. नव्या चाकाचे भोक साडेबहात्तर. धाकट्याने तिथल्या तिथे मनात भाग लावला. चारी बाजूंनी पावणेचार मिलिमीटर मोकळीक. झकास! अडकणार नाही, घासणार नाही.

टायरवाल्याने चाके बसवली, जुनेच बोल्ट आवळले. गाडी दहा वर्षांनी तरुण दिसायला लागली. ताईसुद्धा बाहेर येऊन म्हणाली, ‘‘अरे वा! गाडीला बाशिंग बांधलंस की काय?’’

पहिली काच चौथ्या दिवशी फुटली.

वेग साठच्या पुढे गेला की स्टिअरिंगचे चक्र हातात थरथरायचे. फार नाही, गार पाण्यात हात घातल्यावर अंगावर शहारा येतो तेवढे. धाकटा टायरवाल्याकडे गेला. त्याने चाके यंत्रावर फिरवली, कडेला शिशाचे तुकडे लावले, म्हणाला, ‘‘एकदम समतोल.’’ थरथर तशीच. पुन्हा गेला, पुन्हा यंत्राने तेच सांगितले. दरम्यान एका सुताराच्या कपाटाचा आरसा कोपऱ्यात उडाला आणि त्यानंतर खिडकीची एक काच उतरवतानाच दोन तुकड्यांत हातात आली. सोळा दिवसांत तीन. याआधीच्या दोन वर्षांत मिळून तीन फुटल्या नव्हत्या.

ताई ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने तिन्ही काचांचे तुकडे टेबलावर मांडले, चष्मा कपाळावर नेला आणि विचारले, ‘‘रस्ता तोच. काच तीच. चालवणारा तोच. मग बदललं काय रे?’’

‘‘चाकं. पण ती मी स्वतः मोजून घेतलीत, ताई.’’

‘‘तू मोजलंयस म्हणजे बरोबरच असणार. म्हणून तर मला कळत नाहीये.’’ तिने चष्मा परत डोळ्यांवर घेतला. ‘‘दोन एप्रिलला शाळेची खेप आहे. चौसष्ट काचा. एक फुटली तर दुसरी कापून देईन, चार फुटल्या तर कुणाला तोंड दाखवू? मी वाहतूक कंपनीकडे भाव विचारलाय. तुझ्या कानावर घालते, दुसरीकडून कळायला नको.’’

‘‘फक्त या खेपेपुरता?’’

ताईने तुकडे गोळा करायला घेतले. ‘‘एकदा त्यांची गाडी दाराशी लागली की मग ती लागतेच, धाकट्या. मलाही ठाऊक आहे, तुलाही.’’

त्याला ठाऊक होतेच. कंपनीचा ट्रक एक खेप नेत नसतो, वर्षाचा करार करतो. घरी बायकोने त्याच्याकडे पाहिले आणि नुसता चहा पुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो तिसऱ्यांदा टायरवाल्यासमोर उभा राहिला तेव्हा टायरवाल्याने हात पुसले. ‘‘हे बघ, माझ्या यंत्राला जे दिसतं ते मला दिसतं. त्यापुढचं बघायचं असेल तर मिलिमीटरकडे जा. दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील, पण सुटशील.’’

मिलिमीटर या माणसाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारे त्या भागात कुणी उरले नव्हते. गाड्या धुण्याच्या जागेमागे पत्र्याची शेड होती. भिंतीवर खिळ्यांना जुनी चाके टांगलेली, आणि प्रत्येक चाकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर किंमत नसे. भोके किती, ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती, मधले भोक केवढे, चाक आत किती जाते आणि ते किती वजन पेलते, एवढेच सुबक अक्षरात. किंमत विचारली तर म्हातारा म्हणे, ‘‘बसलं तर सांगतो. बसणार नसेल तर ऐकून काय करणार?’’

एकतीस वर्षे तो पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. टेबलावर दोन शिक्के: ‘पास’ आणि ‘परत’. कामगार त्याच्याबरोबर डबा खायला बसत, पण आपले काम त्याच्या टेबलावर जाताना बघवत नसे म्हणून पाठ फिरवत. एकदा त्याने सख्ख्या मेहुण्याचा अख्खा माल परत पाठवला आणि दोन वर्षे सासरी त्याला कुणी बस म्हणाले नाही. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी देण्याघेण्याचा वाद घातला. याने फक्त विचारले, ‘‘माझी मोजपट्टी नेऊ का?’’ ती सरकत्या जबड्याची पोलादी मोजपट्टी, मिलिमीटरचाही दहावा भाग दाखवणारी, अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात असे. बायकोने त्या खिशाला आतून दुहेरी कापड शिवले होते.

ती, म्हणजे काकू, शेडच्या तोंडाशी टेबल टाकून वही सांभाळत असे. नवरा गिऱ्हाइके परत पाठवी आणि ही त्यांची नावे लिहून ठेवी. कुणाला काय हवे होते आणि काय मिळाले नाही याची तिची वही नवऱ्याच्या मोजपट्टीइतकीच पक्की.

धाकटा शेडमध्ये शिरला तेव्हा म्हाताऱ्याने गाडी कुठली, कुठल्या वर्षाची, काही विचारले नाही.

‘‘काय वाहतोस?’’

‘‘काच.’’

‘‘किती?’’

‘‘जास्तीत जास्त साडेआठशे किलो. वर लाकडी घोडी, काचा उभ्या ठेवायची.’’

मिलिमीटरने चालकाचे दार उघडले, चौकटीवरची धातूची पट्टी रुमालाने पुसली, तिच्यावरचे आकडे तळहातावर पेनाने लिहून घेतले. मग गाडी जॅकवर उचलून पुढचे चाक स्वतः काढले. बोल्ट उजेडात धरून एकेकाचे डोके पाहिले. मग चाक नुसतेच पुन्हा हबवर ठेवले, बोल्ट न लावता, आणि हात काढून घेतला.

चाक किंचित खाली आले. टक् असा आवाज झाला.

‘‘ऐकलंस?’’

धाकट्याने मान हलवली.

‘‘हे हबवर बसलेलं नाही, टांगलेलं आहे. पाच बोल्टांच्या जिवावर. टायरवाला यंत्रावर हेच मधलं भोक पकडून चाक फिरवतो, तिथं ते बरोबर मध्यावर येतं. म्हणून त्याला काही सापडत नाही. तुझ्या गाडीवर मध्य कुठं, ते ज्याच्या हाताला जसं जमेल तसं. ही निवड कुणाची?’’

‘‘माझी.’’ आणि मग धाकट्याने सगळे सांगून टाकले. पुठ्ठ्याचा साचा, पासष्ट, साडेबहात्तर. ‘‘काका, एकोणतीस वर्षं काचेत काढली. चौकट मोजायची आणि काच त्याहून बारीक कापायची. सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर. घट्ट बसवलेली काच पहिल्या उन्हातच तडकते. मला वाटलं, चाकालाही थोडी...’’

मिलिमीटर त्याच्याकडे बघत राहिला. मग तो हसला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले.

‘‘अगं, ऐकलंस का? यानं चाकाला मोकळीक ठेवली! उन्हात फुगेल म्हणून!’’

काकूने वहीतून मान वर केली. ‘‘हसताय काय त्याला? तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा माझ्याकडे बघायचं सोडून, दार तिरकं बसलंय म्हणून माझ्या बाबांना सांगून गेलात.’’

‘‘दार तिरकंच होतं.’’

‘‘होतं. पण लोक हसले तुम्हालाच.’’

म्हाताऱ्याने डोळे पुसले. धाकटा मान खाली घालून उभा होता. आता बोलणी बसणार, अशी त्याची तयारी होती. मिलिमीटरने खिशातली मोजपट्टी काढली, हबला लावली, मग चाकाच्या भोकाला लावली.

‘‘पासष्ट पूर्णांक एक. बहात्तर पूर्णांक सहा.’’ त्याने पट्टी धाकट्याच्या पुढे धरली. ‘‘तू कशानं मोजलंस?’’

‘‘टेपनं.’’

‘‘टेपनं! आणि दहाव्या भागाइतकाच फरक.’’ आवाज बदलला होता. ‘‘तुझं मोजणं चुकलेलं नाही, लक्षात ठेव. माझ्या टेबलावर आलं असतं तर मोजण्याला मी ‘पास’ मारला असता. नियम तेवढा दुसऱ्या धंद्याचा लावलास. काचेला सुटं ठेवतात. चाकाला ठेवत नाहीत.’’

तिथे एक आडवे टायर होते, त्यावर धाकटा बसला. सोळा दिवस त्याला वाटत होते की आपली नजर गेली, हात गेला, एकोणतीस वर्षांचे सगळे पाण्यात गेले. कुणीतरी परके माणूस, आकडा समोर धरून, तसे नाही म्हणत होते. काकूने विचारल्याशिवाय चहा आणून ठेवला. तो त्याने कसा प्यायला ते त्याला आठवले नाही.

‘‘मधे कडं घालून भोक भरता येतं म्हणतात,’’ तो थोड्या वेळाने म्हणाला. पैसे गेल्याचे दुःख होतेच.

‘‘येतं की. मीच घालून दिलं असतं.’’ मिलिमीटर गुडघ्यावर बसला, मान वाकडी करून चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवू लागला. मानेत कळ आली तसा कण्हला. ‘‘हे वाच. डोळे तुझे चांगले आहेत.’’

आत उठावाचा आकडा होता. धाकट्याने वाचला, ‘‘सहाशे पंधरा.’’

‘‘किलो. एका चाकाची ताकद. आता माझा तळहात बघ. मागच्या दोन चाकांवर मिळून गाडी किती भार टाकू शकते? पंधराशे पन्नास. अर्धे किती?’’

‘‘सातशे पंचाहत्तर.’’

‘‘कड्यानं भोक भरेल. हे एकशे साठ कशानं भरशील? ही घरची मोटार आहे, चार माणसं आणि दोन पेट्या वाहणारी. शिवाय तुझ्या जुन्या बोल्टांची डोकी गोल आहेत आणि या चाकाची बैठक निमुळती. बघ, बोल्टच्या डोक्यावर काळा डाग कसा केसासारखा बारीक पडलाय. तेवढंच टेकत होतं. आरसा फुटला म्हणून देवाचे आभार मान, बाबा. आरसाच फुटला.’’

हे वाक्य धाकट्याच्या मनात फार दिवस राहिले. तो ज्या रस्त्याने जायचा त्यावर उतार होता, आणि उताराच्या खाली शाळा सुटायची.

भिंतीवरून मिलिमीटरने चार लोखंडी चाके उतरवली. अशाच एका व्हॅनची, काळी, दिसायला अगदीच साधी. पाच भोके, एकशेवीसचे वर्तुळ, मधले भोक पासष्ट पूर्णांक एक, वजन आठशे पन्नास. चिठ्ठीवरचे आकडे त्याने तळहाताशी लावून एकेक मोठ्याने वाचले आणि प्रत्येक आकड्यापाशी धाकट्याकडून ‘‘हो’’ म्हणवून घेतले. तो नुसती मान हलवायचा तर म्हातारा पुढे जाईना.

टायर बदलून चाक हबवर चढवताना ते सरळ गेले नाही. कडेला अडले. तळहाताने थोपटल्यावर हळूच आत सरकले आणि जागेवर बसले. हात काढला, तरी हलले नाही. कसला आवाजही झाला नाही.

‘‘आता तू ढकल,’’ मिलिमीटर म्हणाला.

धाकट्याने वर-खाली, डावी-उजवीकडे जोर लावून पाहिला. बोल्ट एकही नव्हता, तरी चाक जागचे ढळले नाही.

उरला पैशांचा प्रश्न. तो काकूने सोडवला. वहीत मागची पाने चाळून तिने एक ओळ शोधली: महिन्यापूर्वी एका दंतवैद्याला तसल्याच मोटारीची तशीच चाके हवी होती आणि तो हात हलवत परत गेला होता. तिने फोन लावला. दंतवैद्य संध्याकाळी पाचच्या आत आला. चमकती चाके त्याच्या मोटारीवर अशी बसली की मिलिमीटरलाही खोड काढता आली नाही. पंधरा हजार आले. काळी चाके एकोणीस हजार दोनशेची. वरचे बेचाळीसशे धाकट्याने तिथेच दिले, आणि मधे दलाली किती म्हणून विचारले तेव्हा काकू म्हणाली, ‘‘दलाली कसली? वही नुसती पडून राहण्यापेक्षा बरं.’’

‘‘पन्नास किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळायला ये,’’ मिलिमीटरने मागून बजावले. ‘‘पन्नास म्हणजे पन्नास.’’

एक एप्रिलला धाकटा ताईपुढे उभा राहिला. झाले ते त्याने सगळे सांगितले, मोकळिकीची गोष्ट न वगळता. ताई ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकली.

‘‘म्हणजे चूक माझीच की रे,’’ ती म्हणाली. ‘‘मोकळीक ठेव, मोकळीक ठेव, म्हणून तुझे कान कुणी किटवले?’’

‘‘मग उद्याची खेप?’’

‘‘उद्या मी बरोबर येते. कंपनीवाल्याला मी दुपारपर्यंत थांबवते.’’

दुसऱ्या दिवशी चौसष्ट काचा घोडीवर चढल्या, मधे कागद, वरून पट्टे. चालकाच्या मागच्या जाळीत हात जाईल एवढी फट होती. ताई शेजारी बसली आणि तिने त्या फटीतून हात घालून पहिल्या काचेच्या कडेवर बोटे टेकवली. चाळीस वर्षे काच हाताळलेली बोटे ती. कान जे ऐकत नाहीत ते त्या बोटांना कळे.

पन्नास. पंचावन्न. साठ. हातातले चक्र शांत होते. पासष्ट. सत्तर. उतार लागला, संपला. ताईची बोटे काचेवरच होती.

‘‘ताई?’’

‘‘गप रे. झोपल्यात त्या.’’

शाळेच्या आवारात चौसष्ट काचा उतरल्या, आणि ताईने प्रत्येक काच उन्हात धरून पाहिली. चौसष्टच्या चौसष्ट धड. तिने हात झटकले, फोन काढला, कंपनीवाल्याला दोन वाक्यांत नको म्हणून सांगितले. मग धाकट्याला म्हणाली, ‘‘मंगळवारी आरशांची खेप आहे. सातला ये. उशीर करू नकोस.’’

एवढेच. पण परतताना धाकट्याला वळणावर गाडी बाजूला घेऊन थांबावे लागले. डोळ्यात काही गेले म्हणून सांगितले त्याने. ताईने खिडकीबाहेर बघत रुमाल पुढे केला.

त्याच आठवड्यात तो मिलिमीटरच्या शेडमध्ये गेला. सोबत ताईने स्वतः कापलेला तळहाताएवढा आरसा होता, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, लांब दांडीवर बसवलेला. चाकामागचे आकडे आता मान न वाकवता वाचता येणार होते. मिलिमीटरने आरसा चाकाच्या आत धरला, आकडा वाचला, उलटा दिसतो म्हणून कुरकुरला, पुन्हा वाचला. मग पाच मिनिटे तो शेडमधल्या एकेका चाकामागे आरसा धरत फिरत होता.

‘‘आभार मानायला आलोय, काका.’’

‘‘किती किलोमीटर झाले?’’

‘‘एकशेबारा.’’

‘‘आणि मी किती सांगितले होते?’’ आरसा खाली ठेवून त्याने पाना उचलला. वीसही बोल्ट तपासले, दोन किंचित हलले, ते आवळले. धाकट्याने जे बोलायचे ठरवून आणले होते ते त्या पान्याच्या आवाजात राहून गेले. काकूने मात्र त्याच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे तिच्यापर्यंत पोचले होते.

‘‘आणि पाचवं?’’ मिलिमीटरने विचारले.

‘‘पाचवं?’’

‘‘जादा चाक. गाडीखाली टांगलेलं. ते जुनंच आहे ना? तडा गेलेल्याचाच भाऊ?’’

धाकटा जीभ चावून उभा राहिला. म्हाताऱ्याने भिंतीवरून तसलेच काळे चाक उतरवले, आकडे वाचले, पाचही वेळा धाकट्याकडून ‘‘हो’’ वदवून घेतले, आणि चाक गाडीखाली चढवून दिले. ते सत्तेचाळीसशेचे होते. धाकट्याच्या खिशात चार हजार निघाले. ते काकूने घेतले आणि वहीत लिहिले.

पाचव्या चाकाचे सातशे अजून द्यायचे आहेत.